अभिप्राय त्या रात्रीचा

(पुण्यातल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मित्रहो, नमस्कार.

ज्येष्ठ विनोदी कलाकाराचा प्रयोग सुटला की लोक जिना उतरता उतरता जे बोलतात, त्याविषयी मला आज बोलायचं आहे. बालगंधर्वच्या पायऱ्या असोत, टिळक स्मारकचं फाटक असो की कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाचं पार्किंग, बोलणं थोड्याफार फरकानं तेच असतं. 'मजा आली, पण पूर्वीसारखं नाही राहिलं.' 'तेच तेच सांगतात हो.' 'टायमिंग गेलं.' 'आवाज पोचत नव्हता.' 'आता थांबायला हवं त्यांनी.'

मी ध्वनिव्यवस्था सांभाळणारा माणूस. एकपात्री प्रयोग, कथाकथन आणि अलीकडे स्टँड-अप यांचा साउंड करण्यात माझं सगळं कामाचं आयुष्य गेलं. आमचं मिक्सरचं टेबल बहुधा शेवटच्या रांगेमागे असतं. कलाकार समोरून दिसतो आणि प्रेक्षक पाठमोरे. हशा कुठून उठतो, कोणत्या रांगेपर्यंत येऊन विझतो, हे तिथून फार स्पष्ट ऐकू येतं. प्रयोग संपल्यावर वायरी गुंडाळताना बाहेरची ही वाक्यंही कानावर पडतात. आतला हशा आणि बाहेरची वाक्यं यांचा मेळ बसत नाही. दोन तास डोळे पुसत हसलेला माणूस दाराबाहेर आला की म्हणतो, 'ठीक होतं.'

तो खोटं बोलत नसतो. पण तो आज पाहिलेल्या प्रयोगाबद्दल बोलतच नसतो. त्याच्या डोक्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एक प्रयोग साठवलेला असतो, घरी पाठ झालेली एखादी कॅसेट असते, आणि शेजारच्या खुर्चीवर तेव्हा बसलेली, आता नसलेली माणसं असतात. या सगळ्याशी तो आजच्या रात्रीची तुलना करतो. सत्तरी ओलांडलेल्या एका माणसानं आज रात्री आपल्यासमोर उभं राहून काय केलं, हे त्या अभिप्रायात कुठेच नसतं. ते असायला हवं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मराठीत एकट्यानं उभं राहून गर्दीला हसवणं नवं नाही. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावता लावता समोरच्या लोकांना हसवत आले. पु. ल. देशपांड्यांनी बटाट्याच्या चाळीतले भाडेकरू एकट्यानं रंगमंचावर उभे केले. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथन गावोगाव नेलं. राम नगरकरांनी 'रामनगरी'त स्वतःच्या घरची, स्वतःच्या न्हाव्याच्या धंद्यातली हकिगत सांगितली. लक्ष्मण देशपांडे १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करू लागले. एका प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा, एकच माणूस. त्यांच्यानंतर तोच प्रयोग संदीप पाठक करू लागले. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झालं आणि हजाराच्या घरातल्या प्रेक्षागृहात एका माणसानं दोन-तीन तास सगळ्यांना धरून ठेवणं म्हणजे काय, हे पुणेकरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. तेव्हा हा प्रेक्षक नवखा नाही. त्याला बारकावे कळतात. म्हणूनच त्याच्याकडून अधिक नेमकेपणाची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

आता एकेका तक्रारीकडे येतो.

'तेच तेच सांगतात' ही सगळ्यात जुनी. ही तक्रार करणारा आणि 'ती मामाची गोष्ट सांगा ना' म्हणून मध्यंतरात विंगेत चिठ्ठी पाठवणारा, हे पुष्कळदा एकाच रांगेत बसलेले असतात. कधीकधी एकाच घरातले. मी हे दोघांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. दोघंही खरं बोलतात, कारण दोघांना वेगवेगळं हसू हवं असतं.

हा फरक मला माझ्या टेबलावर ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं हसू वाक्य संपल्यावर येतं. क्षणभर काहीच होत नाही, आणि मग सगळं प्रेक्षागृह एकदम फुटतं. त्या हशाला टोक असतं. ओळखीच्या वाक्याचं हसू मात्र वाक्य संपायच्या आधी सुरू होतं. कलाकारानं 'आमचे मामा एकदा...' म्हणून डावा हात कमरेवर ठेवला की पुढच्या चार रांगांतून खुसखुस यायला लागते. तो हशा टोकदार नसतो, पण रुंद असतो आणि जास्त वेळ टिकतो. मिक्सरवरचा काटा पहिल्या हशाला झटकन उसळतो, दुसऱ्याला हळूहळू चढतो.

चांगला ज्येष्ठ कलाकार हे दोन्ही एकाच प्रयोगात सांभाळतो आणि त्यासाठी फार कष्ट घेतो. मी ज्यांचं काम खूप वर्षं केलं, ते एक कलाकार शेवटचा शब्द गिळायचे. वाक्य सगळ्यांना पाठ आहे हे त्यांना ठाऊक असायचं. ते शब्दाच्या अलीकडे थांबायचे आणि पहिल्या रांगेकडे नुसतं बघायचे. प्रेक्षक तो शब्द पुरा करायचे. मग ते मान हलवून वेगळाच, नवा शब्द टाकायचे, आणि जुन्या वाक्यावर नवा हशा यायचा. दर प्रयोगाला तो शब्द निराळा असे. सांगलीत एक, नाशिकला दुसरा, पुण्यात तिसरा. 'तेच तेच' म्हणणाऱ्याला गोष्ट तीच ऐकू आली, पण त्या रात्रीचा शब्द त्याच्या कानावरून गेला. त्यानं तो धरला असता आणि बाहेर येऊन 'आज त्यांनी शेवट बदलला' एवढं जरी म्हटलं असतं, तरी तो अभिप्राय त्या कलाकाराच्या कामाला आला असता.

इथे एका परदेशी कलाकाराचं उदाहरण द्यायला हवं, कारण तिथली पद्धत उलटी आहे. अमेरिकेतले जॉर्ज कार्लिन यांनी १९७७ ते २००८ या काळात एचबीओ वाहिनीसाठी १४ कार्यक्रम केले. एकदा चित्रित झालेला मजकूर बाजूला ठेवायचा आणि पुढच्या कार्यक्रमासाठी नवा लिहायचा, ही त्यांची रीत. शेवटचा कार्यक्रम २००८च्या मार्चमध्ये झाला. तेव्हा ते सत्तरीत होते आणि त्यात ते म्हातारपणाबद्दल, गेलेल्या मित्रांबद्दल बोलले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचं निधन झालं. तिथे ध्वनिमुद्रण झालं की मजकूर संपतो. आपल्याकडे कॅसेट निघाली की मागणी सुरू होते. 'कॅसेटमध्ये आहे तेच हवं' असं आपण आपल्या कलाकारांना वर्षानुवर्षं सांगत आलो. मग तेच सांगतात म्हणून नाराज व्हायचं, हे काही बरोबर नाही. ज्याला नवं हवं आहे त्यानं कलाकाराला तसं कळवावं, आणि नव्या मजकुराचा पहिला कच्चा प्रयोग ऐकायला जावं. नवा मजकूर पहिल्या पाच-सात प्रयोगांत अडखळतोच. त्याला अडखळायला जागा द्यायची तयारी आपल्यात हवी. माझा अनुभव असा, की नव्या कार्यक्रमाच्या पहिल्या प्रयोगाला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि जुन्याच्या शेवटच्या प्रयोगाला बुकिंगच्या खिडकीवर भांडणं होतात.

'टायमिंग गेलं' ही तक्रार मला सगळ्यात जास्त लागते, कारण तिचं कारण बहुतेकांना माहीत नसतं.

टायमिंग म्हणजे काय, ते आधी जरा यंत्राच्या बाजूनं सांगतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचापासून शेवटची रांग ३० मीटरवर असेल तर वाक्य तिथे पोचायला सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग लागतो आणि तिथला हशा परत यायला तेवढाच. म्हणजे मागच्यांचं हसू पुढच्यांच्या हसण्यानंतर, किंचित उशिरा, कलाकाराच्या कानावर येतं. कसलेला कलाकार पहिल्या हशावर पुढचं वाक्य टाकत नाही. तो मागून येणारी लाट घेतो, ती उतरायला लागली की पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य उचलतो. लवकर उचललं तर वाक्य लाफ्टरमध्ये जातं, कुणालाच ऐकू येत नाही. उशिरा उचललं तर प्रेक्षागृह थंड पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून तापवावं लागतं. दोन-तीन तास, प्रत्येक वाक्याला, हा हिशेब कानानं करायचा असतो.

आता वय झाल्यावर काय होतं? माणसाला आधी उंच पट्टीतले बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. आणि हशाची सुरुवात बारीकच असते. कुठेतरी दोन-चार जण खुसखुसतात, एखादी बाई दबक्या आवाजात हसते, आणि मग ते पसरतं. ही सुरुवात कलाकाराला ऐकूच आली नाही तर त्याला वाटतं, वाक्य पडलं. तो घाईनं पुढचं वाक्य टाकतो, ते बरोबर उसळत्या हशात सापडतं आणि बुडतं. लोक म्हणतात, विसरायला लागले, टायमिंग गेलं. स्मरणशक्ती शाबूत असते. जीभ शाबूत असते. तो माणूस फक्त तुम्हाला ऐकू शकत नसतो.

ज्यांच्याबद्दल मघाशी बोललो, त्याच कलाकारांच्या बाबतीत हे माझ्या लक्षात आलं, कारण मी प्रयोगाचं ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी ऐकत असे. वाक्य आणि हशा यांच्यातलं अंतर कमी कमी होत चाललं होतं. मी त्यांना सांगितलं, 'अण्णा, तुम्ही लोकांना थांबायला देत नाही आहात.' ते म्हणाले, 'लोक हसतच नाहीत रे आता.' मी ध्वनिमुद्रण लावलं. शेवटच्या रांगेमागे ठेवलेल्या माईकवर हशा असा काही आला होता, की ते खुर्चीत पुढे सरकून बसले आणि तेच दोन मिनिटांचं टेप त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

त्यानंतर आम्ही एक व्यवस्था केली. प्रेक्षागृहाच्या मध्यावर, छताला, प्रेक्षकांकडे तोंड करून एक माईक लावला आणि त्याचा आवाज एका छोट्या इअरफोनमधून त्यांच्या डाव्या कानात दिला. रंगमंचावर स्पीकर ठेवून दिला असता तर तो आवाज त्यांच्या कॉलर माईकमध्ये शिरून शिट्टी वाजली असती, म्हणून इअरफोन. बारीक पट्ट्या थोड्या वाढवल्या. कान झाकायला त्यांना आवडलं नाही, पहिल्या प्रयोगाला मध्यंतरात तो काढूनही टाकला. उत्तरार्धात स्वतःच पुन्हा लावून मागितला. त्या महिन्यातल्या प्रयोगांनंतर जिन्यावरचं बोलणं बदललं. 'आज अण्णा फॉर्मात होते', 'जुने दिवस आठवले'. कलाकार तोच होता, मजकूर तोच होता. त्याला तुमचं हसू ऐकू येत होतं, एवढाच फरक पडला.

म्हणून पुढच्या वेळी 'टायमिंग गेलं' असं वाटलं, तर कुठे गेलं ते पाहा. वाक्य हशात बुडतंय का? की वाक्याआधीचा पॉज लांबतोय? पहिलं असेल तर ती ऐकण्याची अडचण आहे आणि तिच्यावर उपाय आहे. दुसरं असेल तर कदाचित शब्द आठवायला वेळ लागतोय. या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. ज्येष्ठ माणसाबद्दल बोलताना दोन्हींना एकाच शब्दात गुंडाळलं, की त्याच्याजवळच्या माणसांनाही नेमकं काय करावं ते कळत नाही.

'आवाज पोचत नव्हता' याबद्दल फार बोलत नाही. ते बहुतेक वेळा माझ्या धंद्याकडून चुकलेलं असतं, कलाकाराकडून नव्हे. वय झालं की श्वास आखूड होतो, वाक्याच्या शेवटी आवाज खाली जातो, कवळी असेल तर स आणि श विस्कटतात. अशा वेळी वाक्याच्या शेवटाला फेडर, म्हणजे मिक्सरवरचा आवाज कमी-जास्त करायचा सरकता खटका, बोटभर वर न्यावा लागतो आणि पुन्हा खाली आणावा लागतो. साउंड करणारा माणूस जागा हवा. बाल्कनीत ऐकू आलं नाही तर मध्यंतरात खाली येऊन सरळ आम्हाला सांगा. प्रयोगानंतर सांगून उपयोग नाही. तिकीट महाग आणि प्रयोग आखूड, ही तक्रारही मी ऐकतो. तीन तासांचा प्रयोग दीड तासावर आला हे खरं आहे. पण पंचाहत्तरीच्या माणसानं मध्यंतर न घेता सलग नव्वद मिनिटं उभं राहणं सोपं नाही, आणि ते पाहायला मिळणं मला तरी तिकिटाच्या किमतीपेक्षा मोठं वाटतं.

आता एका अवघड तक्रारीकडे. ही नवी आहे आणि ती तरुणांकडून येते. 'त्यांचे विनोद आता सहन होत नाहीत.' बायकोवरचे, जाड माणसांवरचे, काळ्या रंगावरचे, तोतरं बोलणाऱ्यांवरचे, खानदेशी किंवा मालवणी बोली बोलणाऱ्यांना बावळट ठरवणारे. ज्येष्ठ प्रेक्षक यावर चटकन म्हणतात, 'आजकाल कुणाला विनोदच कळत नाही.' मी या बाबतीत तरुणांच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण पुन्हा माझ्या टेबलावरूनच सांगतो. असा विनोद झाला की हशा अर्ध्याच प्रेक्षागृहातून येतो. उरलेलं अर्धं गप्प असतं, आणि ते गप्प बसणं मला ऐकू येतं. पूर्वीही ते गप्प असणारच. पण तेव्हा ती माणसं नाट्यगृहात कमी यायची, किंवा आली तरी काही बोलत नव्हती.

अण्णांच्या कार्यक्रमात एक तोतरा तलाठी होता. फार जुनी व्यक्तिरेखा. तो 'स-स-सातबारा' म्हणायचा आणि लोक लोळायचे. एका दुपारच्या प्रयोगानंतर एक कॉलेजातली मुलगी आत आली. रागावलेली नव्हती. नमस्कार करून म्हणाली, 'काका, बाकी सगळं खूप आवडलं. तलाठ्याच्या वेळी मात्र माझा भाऊ शेजारी बसला होता. तो तोतरं बोलतो. तो हसला, कारण सगळे हसत होते. मला नाही आवडलं ते.' एवढं बोलून ती गेली. अण्णा बराच वेळ मेकअपच्या आरशासमोर बसून राहिले. गाडीतही बोलले नाहीत.

त्यांनी तलाठी काढला नाही. दोन-तीन आठवड्यांनी तोच तलाठी वेगळा होऊन आला. शेतकऱ्याला घाबरवायला आलेला एक फर्डा बोलणारा दलाल, त्याच्या लांबलचक वाक्यांचा भडिमार, आणि समोर हा तलाठी. तो शांतपणे 'स-स-' करत राहतो, दलाल प्रत्येक वेळी त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायला जातो आणि त्या घाईत आपली सगळी लबाडी स्वतःच्याच तोंडानं ओकून बसतो. शेवटी तलाठी म्हणतो, 'मी स-सातबारा नाही, स-साहेब, सा-साखर म्हणत होतो. च-चहात कमी आहे.' प्रेक्षागृह कोसळायचं. सगळं, मागच्या रांगेपर्यंत. जिन्यावर मात्र काही मंडळी म्हणायची, 'पूर्वीचा तलाठी जास्त चांगला होता.'

त्या मुलीचा अभिप्राय मला आजवर ऐकलेल्या अभिप्रायांत सगळ्यात मोलाचा वाटतो. तिनं 'तुमचा विनोद हीन आहे' असं म्हटलं नाही आणि 'आता थांबा' असंही म्हटलं नाही. कुठल्या जागी, कुणाच्या शेजारी बसून, काय झालं, हे सांगितलं. त्यातून एका सत्तरीच्या कलाकाराला नवा मजकूर सुचला. राम नगरकरांच्या 'रामनगरी'ची ताकदही मला याच दिशेला दिसते. सांगणारा स्वतःच्या जातीच्या, स्वतःच्या गरिबीच्या हकिगती सांगतो, हसू त्याच्या बरोबरीनं येतं, आणि हसताना समोर बसलेल्या पांढरपेशा माणसालाही आपण आजवर कुणाशी कसे वागलो याचा विचार करावा लागतो.

'आता थांबायला हवं.' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. पुलंनी आपले प्रयोग ऐन भरात असताना थांबवले, असं उदाहरण या वेळी हमखास दिलं जातं. खरं आहे. पण तो निर्णय त्यांचा होता. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड' घेऊन वर्षानुवर्षं देशात-परदेशात फिरत राहिले, तोही निर्णय त्यांचाच. कलाकारानं कधी थांबायचं हे ठरवण्याचा हक्क तिकीट काढल्यानं आपल्याला मिळत नाही. आपल्याला फार तर तिकीट न काढण्याचा हक्क आहे. आणि बघा, 'थांबायला हवं' म्हणणारा माणूस पुढच्या प्रयोगाला पुन्हा येतो. मी चेहरे ओळखतो. त्याला बहुधा ते म्हातारं झालेलं शरीर बघवत नसतं. त्याबरोबर आपणही म्हातारे झालो, हे त्या दोन तासांत त्याला दिसत असतं. मला ते समजतं. पण मग तेच बोलावं. 'त्यांना बघून मला माझं वय दिसलं' असं एका आजोबांनी माझ्यासमोर नातवाला सांगितलं होतं. ते ऐकून मला बरं वाटलं. खरं, थेट आणि त्या रात्रीचं होतं.

तरुणांबद्दल अजून थोडं. बाणेर-बालेवाडीकडच्या, कोरेगाव पार्कातल्या छोट्या जागांमध्ये ओपन माईक, म्हणजे कुणीही नाव देऊन थोडा वेळ स्टँड-अप करायचे कार्यक्रम, चालतात, मराठीतही चालतात, आणि मी तिथेही साउंड करतो. तिथल्या मुलांना पाच मिनिटं मिळतात, म्हणून ती दर वीस सेकंदांना पंच, म्हणजे हशा घेणारं वाक्य, मारतात. या सवयीनं ज्येष्ठ कलाकाराकडे आलेला प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत अस्वस्थ होतो. त्याला वाटतं, काही घडतच नाही. कथाकथनाची बांधणी निराळी असते. माणसं उभी करायला वेळ लागतो, गाव उभं करायला वेळ लागतो, आणि मग एका साध्या 'हो का?'वर हजार लोक हसतात. तो 'हो का?' वेगळा काढून मोबाईलवर दाखवला तर त्यात काहीच नसतं. म्हणून तीस सेकंदांची चोरून काढलेली क्लिप बघून ज्येष्ठ कलाकाराबद्दल मत बनवू नका. आणि ती काढूही नका, कारण पुढच्या गावातल्या पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं टोकदार हसू तुम्ही आधीच खर्चून टाकता.

शेवटी एक साधी, व्यवहाराची गोष्ट. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हसण्याचा बरीच वर्षं अभ्यास केला. माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या सुमारे तीसपट जास्त तो इतरांच्या सोबत हसतो, असं त्यांना आढळलं. हसू एकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि त्यासाठी दुसरा जवळ लागतो. पुण्यात दुपारच्या प्रयोगाला मी काय पाहतो? तिकीटविक्री निम्मी असली की लोक मोकळं बसायला मिळावं म्हणून विखरून बसतात. जोडप्यामागे दोन रांगा रिकाम्या, कडेला पिशव्या ठेवलेल्या खुर्च्या. मधल्या रिकाम्या खुर्च्यांत हशा अडकतो. पुढच्या रांगेतलं हसू मागे पोचत नाही, मागचं पुढे येत नाही, कलाकार एकेका बेटाशी बोलत राहतो. आणि मग बाहेर येऊन अभिप्राय असतो, 'आज रंगलं नाही.' त्यातला अर्धा वाटा आपल्या बसण्याचा असतो.

येत्या पंधरवड्यात पुण्यात अशा ज्येष्ठ मंडळींचे प्रयोग लागले आहेत, जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. जाल तेव्हा प्रेक्षागृह भरलेलं नसेल तर तिसरी घंटा व्हायच्या आत उठून मधल्या भागात, एकमेकांना लागून बसा. पिशव्या खाली ठेवा. नाट्यगृहाचे लोक हरकत घेत नाहीत, आणि कुणी घेतलीच तर मागे टेबलावर येऊन आम्हाला सांगा. आम्ही बोलून घेऊ.